घोड्यावरचा माणूस

परवा सांगलीत एका मैत्रिणीच्या सासरी हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या देव्हाऱ्याच्या वर काचेवर रंगवलेला एक देव टांगलेला दिसला. पांढरा घोडा, लाल पागोटं, हातात तलवार आणि डाव्या गालावर, मिशीच्या टोकाशी, उडदाएवढा तीळ. मी विचारलं, "हा कुठून आणलात?" मैत्रीण म्हणाली, "कुणास ठाऊक! सासूबाईंच्या वेळचा आहे. खंडोबाच ना?" मी म्हटलं, "हो, खंडोबाच." दुसरं काय सांगणार? त्या देवाचं नाव आनंदा होतं, तो माण तालुक्यातला होता आणि पलटणीत शिपाई होता, हे काही वाणाबरोबर लुटायची गोष्ट नव्हे. मी कुंकू लावून घेतलं आणि उठले. घरी येईपर्यंत मात्र तो तीळ डोळ्यांपुढून हलला नाही, आणि त्याच्या मागोमाग हौसाक्का आली.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरता मी औंधला मुलींच्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायला गेले. सांगलीला, कृष्णेच्या काठी वाढलेली मी. तिथे अर्ध्या घागरीत दिवस काढायचा म्हटल्यावर मला रडूच आलं होतं. भाड्याची खोली मिळाली ती यमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला. मधल्या भिंतीपलीकडे हौसाक्का. पहिल्याच दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. उंच, हाडापेरानं मोठी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू, नखांत निळा रंग आणि दातांवर मिसरीचं बोट. मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "एवढ्याशा हायसा बाई तुमी. पोरींना धाक कसा घालनार?" मी म्हटलं, "आवाज मोठा आहे माझा." ती हसली. "मग जमंल. आपल्यातली भीत बी पातळ हाय, मला भूगोल फुकट शिकाया मिळंल."

ती चित्रं रंगवून विकायची. औंधात चित्रांचं कौतुक नवं नव्हतं, स्वतः चित्रं काढणाऱ्या राजाच्या वेळेपासून गावाच्या डोळ्यांना ती सवय होती. पण बाईमाणसानं चित्रांचं दुकान मांडून जत्रा-जत्रा हिंडणं, हे मात्र नवं होतं. तिचे वडील रंगारी. बैलगाड्या, ट्रंका, देवळांच्या भिंती रंगवायचे. त्यांच्याकडून हात आलेला. काचेवरचे देव, कुंकवाच्या करंड्यांची झाकणं, फणीबरोबर मिळतात त्या आरशांच्या पाठी, जे हाती येईल त्यावर ती रंगवायची. आणि सगळ्यांवर एकच घोडेस्वार. म्हसवडच्या जत्रेत तो सिद्धनाथ व्हायचा. पालीच्या जत्रेला जाताना ती घोड्याच्या पायाशी एक कुत्रं काढायची, वर थोडा पिवळा रंग उधळायची, की झाला खंडोबा. मी चिडवलं, "अक्का, ही फसवणूक आहे." तर म्हणाली, "देव येकच हाय म्हनून तुमीच शिकीवता न्हवं?"

धंद्यात ती पक्की होती, पण तिची एक खोड होती. गिऱ्हाईकानं चित्र हातात घेतलं की ती म्हणायची, "आदी तोंड बगा." लोक चित्र कपाळाला लावायचे. ही पुन्हा म्हणायची, "आवं, पाया मागनं पडा. आदी तोंड तर बगा नीट." कुणाला वाटायचं, बाई आपल्या कारागिरीची प्रौढी मिरवतेय. मलाही तसंच वाटलं होतं.

खरं काय ते मला कळायला वर्ष गेलं. तेही तिनं सांगितलं ते एका दुपारी, करंडा रंगवता रंगवता, मान वर न करता. एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा पूर्वेकडे गेला आणि परत आला नाही. मेल्याची तार आली नाही. सरकारी भाषेत 'बेपत्ता'. सासरच्यांनी एक दिवाळी वाट बघितली आणि मग बांगड्या फोडायला चार बायका बोलावल्या. हौसाक्का मागच्या दारानं उठून चालू लागली ती थेट माहेरी, औंधला. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती. वर्दीतला एकुलता एक फोटो होता, तो सासरे चौकशीला म्हणून कुठल्या कचेरीत घेऊन गेले आणि तिथेच राहिला. आता त्याचं तोंड फक्त हिच्या डोक्यात.

"मग म्या इचार केला," ती म्हणाली, "इसरायच्या आदी काडून ठिवावं. आन् घरात ठिवून काय करू? चार ठिकानी फिरलं तर कुनीतरी म्हनंल, ह्या मानसाला म्या अमक्या गावात बगितला हुता."

म्हणजे हा धंदा नव्हता, शोध होता. 

सुरुवातीला तिनं त्याला साधा माणूस म्हणूनच काढलं होतं. सदरा, टोपी, मिशी. म्हसवडच्या जत्रेत अशी पाच-सहा चित्रं मांडून बसली. येईल तो विचारी, "कोन म्हनायचं ह्ये? कवा गेलं?" आपल्याकडे साध्या माणसाचा फोटो भिंतीवर चढतो तो मेल्यावरच. एका म्हातारीनं तर चित्रापुढे हात जोडून हळहळ केली, "तरनाताटा हुता गं." हौसाक्कानं ती सगळी चित्रं गुंडाळली. पुढच्या जत्रेत त्याच चेहऱ्यावर पागोटं चढलं, बुडाखाली घोडा आला आणि माल हातोहात गेला. घरोघरी आनंदा जाऊन बसला.

पण देव झाला तिथेच घात झाला. देवापुढे माणसं हात जोडतात आणि मान खाली घालतात. तोंड कोण बघतंय? तिला हे कळत होतं, म्हणून तर ती प्रत्येकाला टोकायची. लोकांचं मात्र भलतंच. माळशिरसकडची एक बाई खास औंधला आली, नारळ-खण घेऊन. "अक्का, तुजा सिद्धनाथ पावला मला. नातू झाला." हौसाक्कानं नारळ घेतला, तिची ओटी भरली, आणि ती गेल्यावर मला म्हणाली, "बगा बाई, समद्यांस्नी पावतोय. घरचं सोडून." बोलताना ती हसत होती. मला हसू आलं नाही.

तिच्या खोलीत जायला मला नको वाटायचं, त्याचं कारण वेगळं. काचेवरचं चित्र मागच्या बाजूनं रंगवतात. आधी बारीक रेघा, डोळे, दागिने. ते वाळले की त्यावर चेहऱ्याचा रंग. सगळ्यात शेवटी आभाळ. त्यामुळे तिच्या भिंतीला ओळीनं काचा टेकलेल्या असायच्या आणि त्यांत नुसते डोळे, मिशी आणि एक तीळ. चेहरा नाहीच. मागून पोपडे उडालेली भिंत दिसायची. साखर मागायला गेले तरी तेवढे डोळे माझ्याकडे बघत असत. मी दारातूनच वाटी पुढे करायची. ती म्हणायची, "आत या की, खातोय व्हय त्यो तुमाला?"

या उलट्या कामानंच तिला एकदा दगा दिला. पुढून बघणाऱ्याला उजव्याचं डावं दिसतं, म्हणून तलवारीचा हात चुकू नये यासाठी वडिलांचा जुना कागदी खाका ती काचेखाली ठेवायची. तीळ काही त्या खाक्यात नव्हता. तो तिनं आपल्या मनानं घातलेला, नवरा समोर बसल्यावर जिकडे दिसायचा तिकडे. एक दिवस गिऱ्हाइकाला द्यायला म्हणून तिनं चित्र वळवलं आणि तशीच थांबली. चित्र पुन्हा उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. गिऱ्हाईक अवघडून निघून गेलं. मी विचारलं, "काय झालं, अक्का?"

"तीळ उजवीकडं आलाय, बाई. त्येंचा डावीकडं हाय." मग आपल्याच मांडीवर थाप मारून म्हणाली, "दोन वरीस झाली, मी भलत्याच मानसाला हुडकतीया!"

ती खूप हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी नंतरही बराच वेळ थांबलं नाही, तेव्हा मी उठून दार लोटून घेतलं.

पुढच्या जत्रेत तिनं पुकारा केला: उजव्या तिळाचा देव आणा, डाव्या तिळाचा घेऊन जा, वर काही द्यायला नको. कुणी फिरकलं नाही. एक बाई चित्र पदराखाली झाकूनच म्हणाली, "मला ह्योच पावलाय. डावीकडचा काय करील कुनाला ठावं." हौसाक्का तिच्याशी भांड भांड भांडली. देवाच्या तिळावरून भर जत्रेत झालेलं ते भांडण म्हसवडच्या लोकांनी पुढे बरेच दिवस पुरवून पुरवून सांगितलं.

मग सांगलीचा एक व्यापारी आला. कॅलेंडरं छापायचा. त्याला तो घोडेस्वार आवडला होता. हजारांनी छापू म्हणाला. हौसाक्काच्या अंगात वारं शिरलं. हजारो घरं! दुकानं, हॉटेलं, एस्टीचे स्टँड! कॅलेंडरापुढे माणूस मान खाली घालत नाही, वर करून बघतो, हेही तिच्या लक्षात आलं होतं. नमुना बघायला बोलावलं तेव्हा ती मला बरोबर घेऊन गेली. मला तेवढंच माहेर. वाटेत एस्टीत ती गप्प बसेना. "बाई, पूर्वकडं पन जातात का हो कॅलेंडरं? बंगालात?" मी म्हटलं, "जात असतील." भूगोल शिकवते म्हणून मला विचारायची. मला काय ठाऊक?

छापखान्यात त्यानं कागद उलगडला. घोडा झकास होता. वर बसलेला मात्र गोरापान, ओठ रंगवल्यासारखे लाल, गाल गुळगुळीत. सिनेमातला कुणी तरी वाटावा असा. हौसाक्का बराच वेळ बघत राहिली.

"तीळ कुटं गेला?"

"अहो बाई, देवाला तीळ कशाला? डाग पडल्यासारखं दिसतं. आमच्या आर्टिस्टनं साफ केलं."

"आन् भुवई? हितं खोक पडून मोडल्याली हुती."

"तीही सरळ केली. लोकांना देखणा देव लागतो."

"देखनाच हाय त्यो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण व्यापारी मागे सरला. "तुमी दुसऱ्या कुनाला बसीवलंय माज्या घोड्यावर." आपलं मूळ चित्र काखेत मारून ती बाहेर पडली. मी तिला समजावलं, तिळापुरतं भांडून घेऊ, बाकीचं सोडून द्या, एवढी संधी पुन्हा येणार नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य अर्ध्यावर गिळलं. परतीच्या एस्टीत ते चित्र तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

त्यानंतर तिनं ट्रंका धरल्या. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. रजा संपवून जाणारे गडी नव्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर घालून घ्यायला तिच्याकडे यायचे. ती आधी विचारायची, "पलटन कंची?" मग नाव घालायची. आणि झाकण उघडून आतल्या बाजूला घोडेस्वार काढून द्यायची. त्याचे पैसे घ्यायची नाही. मी म्हटलं, "अक्का, दिवस मोडतो तुमचा. फुकट काय म्हणून?" ती म्हणाली, "ट्रंक उगडताना कोन मान खाली घालतंय का? रोज सकाळी सदरा काडायचा म्हटलं तर ह्येंच्या तोंडाकडंच बगाय लागंल. आन् ट्रंक जातीया कुटं? जितं ह्ये असतील तितंच." तिची अक्कल बघून मी थक्क झाले. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच मला धास्ती वाटली. आजवर कुणी ओळखणार नाही याचं वाईट वाटायचं. आता कुणी ओळखेल असं वाटू लागलं.

ओळखलंच. उन्हाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी दुपारी, वर्दीतला एक माणूस ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. खटाव तालुक्यातला मारुती म्हणून. रजेवर निघाला होता आणि घरी जायच्या आधी औंधला उतरला होता. मी तिच्या उंबऱ्यावर वह्या तपासत बसले होते. त्यानं ट्रंक खाली ठेवली, झाकण उघडलं.

"ह्ये कुनी काडलं?"

"मीच की. का, रंग उडला?"

त्यानं तिच्या चुड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वैनी."

त्या एका शब्दानं हौसाक्काचा कुंचला थांबला.

"आनंदा आन् मी येका तंबूत हुतो, वैनी. ही ट्रंक माज्या भावानं नाव घालून आनली. म्या उगडली आन् ह्यो समूर. लय सांगायचा तुमचं. माजी बायकू कोळशानं भिताडावर घोडी काडती, आन् आई रोज पुसती, म्हनायचा."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. पण हौसाक्काचा चेहरा बघितला आणि ते खरं असल्याचं मला कळलं.

"फुडं?" ती म्हणाली.

"नदी उतरताना गोळा पडला. माज्या मांडीवर गेला त्यो. पानी मागितलं, पाजलं म्या. आमास्नी फुडं जायाचा हुकूम आला. परत आलो तवा भरतीनं नदी चडली हुती, तितं काईच न्हवतं. वर सांगितलं म्या, पन मढं न्हाई म्हनून कागदावर बेपत्ताच लिवलं." तो रडत होता. "म्या तवाच यायला पायजे हुतं. मला गाव ठावं न्हवतं, वैनी."

हौसाक्का उठली. चूल पेटवली, चहा ठेवला, गाळला, त्याच्या हातात दिला. तो पिऊन होईपर्यंत उभी राहिली. मग ट्रंकेपाशी बसून झाकणाकडे बघत म्हणाली, "भाऊ, तुमची नजर चुकली. ह्यो सिदनाथ हाय."

"वैनी, ह्यो तीळ—"

"देवाला बी तीळ असतोय."

"भुवई बगा की. माज्या देकत मोडली, परेडीत—"

"देव हाय म्हनलं न्हवं?" तिनं झाकण लावलं. मग आवाज एकदम मऊ झाला. "लांबनं आलायसा. भाकरी खाऊन जावा."

तो जेवला नाही. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी येईपर्यंत तो एकच म्हणत राहिला, "बाई, म्या चुकलो न्हाई." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे." तो म्हणाला, "मग?" गाडी आली. मी त्याच्या ट्रंकेला हात लावला.

मला तिचा राग आला होता. इतकी वर्षं ज्याला त्याला 'तोंड बगा, तोंड बगा' म्हणून विनवलं, आणि ज्या एकानं बघितलं त्याला खोटं पाडून परत पाठवलं. पण संध्याकाळी तिच्या दारावरून गेले तर ती काचेवर डोळे काढत बसली होती, रोजच्यासारखी, चुडा किणकिणत. मला म्हणाली, "भात जास्त झालाय बाई, घिऊन जावा." माझा राग कुठच्या कुठे गेला, आणि त्या जागी जे आलं ती भीती होती. भिंतीपलीकडे आता कोण राहतंय आणि ती कुणाला वाढतेय, याचा विचार मी करायचं टाळू लागले.

एक फरक मात्र पडला. त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकाला तोंड बघायला सांगेनाशी झाली. काच घ्यायची, चित्राची बाजू आत करून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि सुतळी बांधून द्यायची. ट्रंकांवर नुसती नावं घालायची. पलटण विचारायची नाही. कुणी आतल्या देवाचं विचारलंच, तर म्हणायची, "हात दुकतोय."

पुढे माझी विट्याला बदली झाली. निघताना तिनं मला एक करंडा दिला, त्याच्यावर नुसती कमळं होती. दोघींनाही बरं वाटलं.

त्यानंतर तिला मी एकदाच पाहिलं. ऐंशीचं दशक सरायला आलं होतं. शाळेतल्या दोघी-तिघींबरोबर म्हसवडच्या जत्रेला गेले होते. रथ ओढून झाला होता, अंगभर गुलाल घेतलेली माणसं नदीच्या पात्रातून परतत होती. दुकानांच्या ओळीत हिरवा चुडा दिसला आणि मी थबकले. हौसाक्का वाळली होती, कुंकू मात्र तेवढंच. मी हाक मारणार, एवढ्यात एका नव्या नवरीनं तिच्यापुढचं चित्र उचललं आणि खुदकन हसली.

"अगं बया! अक्का, ह्या देवाचं क्यास पिकल्यात की!"

मी वाकून बघितलं. तोच घोडा, तेच पागोटं, तोच तीळ. पण पागोट्याखालून कानाशी आलेले केस पांढरे होते आणि मिशीतही बारीक पांढऱ्या रेघा होत्या. डोळ्यांखाली काळं होतं. मांडलेल्या सगळ्या चित्रांत तसंच. 

"रंग सांडला काय?" पोरगी विचारत होती.

"सांडला न्हाई. वय झालं की पिकनारच." हौसाक्का तिच्या हातातलं चित्र घेऊन पदरानं पुसू लागली. "लय लांबनं यायचं हाय त्याला. दमतोय."

"दमतोय कशानं? घोडं हाय की बुडाखाली!"

हौसाक्कानं काच पुन्हा जागेवर टेकवून ठेवली.

"घोडं म्या काडलंय, पोरी," ती म्हणाली. "त्यो चालत येतोय."